मोहाखालचा दहावा आवाज

भुताखेतांच्या अनुभवांचं हे पेज मी वाचते ते बहुतेक रविवारी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर. आणि वाचून झालं की नवऱ्याला म्हणते, "सगळे अपचनाचे प्रकार." चकवा, पांढरी साडी, मागून येणारी पावलं... मला आयुष्यात कधी काही दिसलं नव्हतं, ऐकू आलं नव्हतं. बल्लारपूरला राहते, एका वसतिगृहाचं स्टोअर सांभाळते. चादरी किती, बादल्या किती, फाटलेल्या किती — माझं डोकं असंच चालतं. फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी. त्यामुळे खाली लिहिलंय ते जसं घडलं तसं आणि त्याच क्रमाने आहे. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. फक्त 'ताई, मनाचे खेळ' एवढंच लिहू नका. ते मी स्वतःला वर्षभर सांगून पाहिलंय.

आधी थोडी मागची माहिती देते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी मुलगी मनू. तिला सिकलसेल होता. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते — रक्ताचा आजार, आईबापांकडून येतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की मूल गादीत तोंड खुपसून ओरडतं. या मुलांना पाणी कमी पडू द्यायचं नसतं. म्हणून मी दर तासाला स्वयंपाकघरातून हाक मारायची, "मनू, पाणी?" आणि ती आतल्या खोलीतून, तोंड न उघडता, कंटाळून म्हणायची, "हूऽऽ". वर चढत जाणारं आणि शेवटी पटकन तुटणारं. मग मी भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढायची. दिवसाला बारा रेघा. अकरा वर्षांची होती. ज्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि परत आणलं नाही, त्या दिवसाच्या चारच रेघा आहेत.

रक्तपेढीबाहेरच्या बाकावर वर्षानुवर्षं तीच तोंडं भेटतात. मूल गेलं की तिथलं जाणं संपतं, आणि ती माणसंही सुटतात. मनूला जाऊन चार महिने झाले होते तेव्हा त्या बाकावरच्या रेखाबाईंचा फोन आला. त्यांचा निखिल आमच्या मनूच्या आधी गेला होता. म्हणाल्या, "वंदनाबाई, घरात बसून काय करून राह्यल्या? तुमाले याद्या कराची लई हौस. करा ना एक. कोनाकोनाचं लेकरू गेलं त्याची. फोन लावू, भेटू."

मी केली. तसा आमचा गट सुरू झाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाच्या तरी घरी. 'देवाची इच्छा' हे शब्द काढायचे नाहीत, एवढाच नियम. बाकी काय करतो म्हणाल तर चहा पितो, लेकरांची नावं घेतो. त्यांच्या खोड्या सांगतो. हसतोसुद्धा. पहिल्यांदा हसले तेव्हा मी घाबरून नवऱ्याकडे बघितलं होतं... प्रकाशही हसत होता.

आणि दुसरी एक यादी आहे माझ्याकडे, पहिल्या गोष्टींची. ज्यांचं मूल नुकतंच गेलंय त्यांचा पहिला पोळा, पहिली दिवाळी, शाळा उघडण्याचा पहिला दिवस. अशा दिवशी गटातलं कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन राहतं. काही करायचं नसतं. नुसतं असायचं.

मागच्या चैत्रात त्या यादीत सविताचा पहिला मोह आला, म्हणजे मोहफुलं वेचायचा पहिला हंगाम.

सविता धानोऱ्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावची. गावाचं नाव देत नाही. तिची सोनी, नऊ वर्षांची, श्रावणात गेली. नवरा त्या दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. घरी सविता आणि सासू मैनाबाई. मैनाबाईंनीच रेखाबाईंना फोन केला होता. "मोहफूल पडून राह्यलं बाई, अन् सून झाडाखाली पाय ठेवत नाई. मायलेकी दोघीच जात होत्या दरसाल. आता जेवतबी नाई धड. बोलत त नाईच. तुमी या."

आम्ही चौघं निघालो. मी, प्रकाश, रेखाबाई, आणि चामोर्शीचे नामदेवभाऊ. त्यांची व्हॅन, त्यांनीच चालवली. त्यांच्याही दोन मुलींतली धाकटी आमच्या यादीत आहे. शनिवारी संध्याकाळी पोचलो. सविता भिंतीला टेकून बसली होती. तिशीच्या आतली असेल. रेखाबाई तिच्या बाजूला बसल्या आणि काहीच न विचारता तिच्या डोक्याला तेल लावू लागल्या. दोघी तासभर तशाच. उठताना सविता एवढंच म्हणाली, "सकाळी येतो मी."

मैनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. एवढं वाक्य त्या घरात कितीतरी दिवसांनी बोललं गेलं होतं.

सकाळी फटफटलं तसे निघालो. आम्ही चार, सविता, मैनाबाई आणि गावातल्या तीन बाया. एकूण नऊ. हा आकडा लक्षात ठेवा.

मोहफूल पहाटे पडतं, ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. वाघ त्या जंगलात आहेच, पण मोहाच्या दिवसांत खरी भीती अस्वलाची. त्यालाही तेच फूल हवं असतं, आणि बाई खाली वाकून वेचत असली की दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही. म्हणून तिथे एक रीत आहे. सगळ्यात जाणती बाई थोड्या थोड्या वेळाने मोठ्याने हूऽऽ करते. जो जिथे असेल त्याने तिथून हू करायचं. अस्वलाला कळतं माणसं आहेत, आणि बाईला कळतं कोण कुठे आहे. मैनाबाई मोजत नाहीत. त्या आवाज ओळखतात. "हे गिरजा, हे शांता, हे माही सून" — असं.

इथे माझ्यातली स्टोअरवाली जागी झाली. मी म्हटलं, "बाई, आमचे चार आवाज तुम्हाला कुठे ओळखू येणार? तुम्ही निवांत वेचा. मी लिहिते. एक आवाज, एक रेघ. नऊ झाल्या की सगळे आहेत."

मैनाबाई म्हणाल्या, "तुमी म्हनान तसं जी."

झाडं विखुरलेली होती, मधे घाणेरीची दाट झुडपं. सगळीकडे तो गोड, डोक्यात चढणारा वास. मी रस्त्याजवळच्या झाडाखाली राहिले. वही मांडीवर. पहिला हूऽऽ. मैनाबाईंची पहिली रेघ, माझी दुसरी, मग एकेक येत गेले. नऊ. मी खाली आडवी रेघ मारली. छान वाटलं, खरं सांगते.

दुसऱ्या वेळी दहा झाल्या.

मला वाटलं कुणीतरी दोनदा ओरडलं. मी ओरडून विचारलं, "दोनदा कोण ओरडलं?" झुडपामागून रेखाबाई म्हणाल्या, "बाप्पा, सुरू झाली परेड! काऊन, हजेरी कमी पडली काय?"

"कमी नाही, जास्त झाली!"

"मंग कोनाचा पगार वाढवता?" नामदेवभाऊ. सगळे हसले. मीही.

तिसऱ्या वेळी मी नीट लक्ष दिलं. नववी रेघ ओढली, पेन उचललं... आणि दहावा आला. सगळे थांबल्यावर. बारीक, तोंड मिटून केलेला. वर चढत गेला आणि शेवटी तुटला.

मी पेन तसंच धरून बसले. समोरच्या झाडाखाली प्रकाश वाकलेला होता, तो हळूच सरळ झाला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पलीकडे सविता उभी होती, टोपली कमरेवर, मान वर करून. शनिवारपासून पहिल्यांदा तिची मान वर बघितली मी. गावातल्या गिरजाबाई मात्र तिच्या शेजारीच वाकून वेचत होत्या, जणू काहीच झालं नाही.

मग ऊन आलं. वेचणं संपत आलं. मैनाबाईंनी शेवटचा हूऽऽ दिला. मी मोजलं. नऊ. शेवटचा तोच बारीक होता का? होता. पण आकडा जुळला होता, आणि आकडा जुळला की माझं डोकं शांत होतं. वर्षानुवर्षांची सवय. मी मोठ्याने म्हटलं, "नऊ! बरोबर आहेत सगळे. चला."

सगळे रस्त्यावर व्हॅनपाशी आले. टोपल्या खाली ठेवल्या. आठ माणसं होती.

"सविता?" मैनाबाई म्हणाल्या. मग मोठ्याने, "सविताऽऽ!"

काही नाही. दूर कुठेतरी वानरं खाकरल्यासारखी ओरडली आणि थांबली.

मी वही उघडली. नऊ रेघा. पुन्हा मोजल्या. मैनाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "मले सुनेचा आवाज नाई आला वाटलं. मंग म्हनलं, शिकलेली बाई लिहून राह्यली, बरोबरच असन." रागाने नाही, अगदी साधेपणाने. ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

"किती आवाज आले तुम्हाला?" मी विचारलं.

"आठ."

गिरजाबाईही म्हणाल्या आठ. गावातल्या बाकीच्या दोघीही. मग रेखाबाई हळूच म्हणाल्या, "मी त नऊ आयकले." नामदेवभाऊंनी मान हलवली. प्रकाश जमिनीकडे बघत होता.

मैनाबाईंनी पुन्हा हाक दिली. आणि उत्तर आलं... बारीक, तुटलेलं. मी म्हटलं, "ती बघा! तिकडे!"

"कुठी?" गिरजाबाई म्हणाल्या. "काई नाई जी. ते घरी गेली असन, पायवाटेनं. चला तिकडं."

आता काय करायचं? पायवाट एका बाजूला. जंगलात वाटून जायचं नाही हा तिथला पक्का नियम, सगळ्यांनी एकाच बाजूला जायचं. चूक बाजू निवडली तर गेलेला वेळ परत येणार नव्हता. आणि मी नुकतीच एक चूक केली होती, स्वच्छ अक्षरात.

मी आमच्या चौघांना एका रांगेत उभं केलं. म्हटलं, "डोळे मिटा. मैनाबाई, हाक द्या. आवाज ज्या बाजूने येईल तिकडे हात करा. डोळे मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." मीही मिटले.

मैनाबाईंनी सगळा जीव ओतून हूऽऽ केलं.

ते आलं. मी हात केला. डोळे उघडले तेव्हा चारही हात एकाच दिशेला होते. पायवाटेच्या बरोबर उलट, खालच्या नाल्याकडे. मैनाबाई आमच्या हातांकडे बघत होत्या. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. तरी टोपली तिथेच टाकून त्या सगळ्यांच्या पुढे पळाल्या.

नाला कोरडा होता. काठावर एक जुना मोह. त्याच्या खाली सविता कुशीवर पडलेली, टोपली आडवी, फुलं सांडलेली. आणि वीसेक पावलांवर, पलीकडच्या झाडाखाली, अस्वल. ते खाली मान घालून फुलं खात होतं. चप् चप् आवाज येत होता. एक एक पाऊल करत ते तिच्याकडेच सरकत होतं, कारण सांडलेली फुलं तिच्याभोवती होती.

नामदेवभाऊंच्या हातात व्हॅनमधला पाण्याचा रिकामा डबा होता. त्यांनी तो काठीने बडवायला सुरुवात केली. आम्ही सगळे ओरडलो, जे तोंडाला येईल ते. रेखाबाई तर चक्क शिव्या देत होत्या. अस्वल मागच्या पायांवर उठलं, आमच्याकडे बघितलं... तो क्षण मला किती लांब वाटला ते सांगता येणार नाही. मग ते वळलं आणि घाणेरीत घुसलं. फांद्या हलत गेल्या, लांब गेल्या, थांबल्या.

सविता शुद्धीवर होती. डोळे उघडे, ओठ कोरडे फुटलेले. माझ्या पिशवीत मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली होती — असतेच, मनूपासून. मैनाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी चमच्या-चमच्याने पाजलं. अर्ध्या तासाने ती बसली. नामदेवभाऊ आणि प्रकाशने आधार देत तिला व्हॅनपर्यंत आणलं. तिथून दवाखाना. दोन सलाईन लागल्या, संध्याकाळी घरी सोडलं.

अंगणात बाजेवर बसवल्यावर मी तिला विचारलं. विचारावं की नाही कळत नव्हतं, पण विचारलं. "सविता, आम्ही हाका मारत होतो तेव्हा तू उत्तर दिलंस का?"

"नाई."

"ऐकू येत होत्या?"

"येत होत्या." मग म्हणाली, "ते झाड आमचं. सोनीचं अन् माहं. तिथी गेली अन् पाय गेले. मंग म्हनलं, जाऊ दे. उठाचंच नव्हतं मले. मी तोंड मिटून पडली." तिने पदर तोंडाला लावला. "पन माह्या बाजूनं कोनीतरी हू करून राह्यलं होतं. घडी घडी. मले वाटलं रेखाबाई येऊन बसल्या."

रेखाबाई तर आमच्याबरोबर रस्त्यावर होत्या.  पुढे होऊन सविताचा हात धरला.

मैनाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मोहफुलं निवडत होत्या, काडी-कचरा बाजूला करत. मान खाली. म्हणाल्या, "माही नात होती. मी तिले पाठीवर घेऊन फिरली. तरी मले नाई आयकू आली." नामदेवभाऊ उठले आणि त्यांच्या सुपाशी जाऊन फुलं निवडायला बसले. मग प्रकाशही बसला. मग आम्ही सगळेच.

मग आम्ही चौघं व्हॅनने परत निघालो. चामोर्शी जवळ आलं तेव्हा रेखाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "निखिलचा आवाज नुकताच फुटाले आला होता. मोठा व्हाले लागला होता ना. तसा होता तो. घोगरा."

नामदेवभाऊ म्हणाले, "घोगरा? नाई बाई. पोरीचा होता. हसू दाबून केल्यासारखा."

प्रकाशने माझ्याकडे बघितलं नाही. पण माझ्या मांडीवरच्या वहीवर हात ठेवला, आणि मला कळलं त्याने काय ऐकलं होतं.

मग मी घरी येऊन जे नेहमी करते तेच केलं. सगळ्या शक्यता लिहून काढल्या. प्रतिध्वनी असता तर गावातल्या बायांनाही ऐकू आला असता. पक्षी असता तर त्यांना आमच्याआधी कळलं असतं. त्या बाजूला दुसरी वस्ती नाही, मैनाबाईंना विचारून घेतलं. सविताच अर्धवट शुद्धीत कण्हत असेल, हे मला सगळ्यात पटण्यासारखं वाटतं. पण तिसऱ्या वेळी सविता माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, आणि रेघा दहा होत्या. आम्हा चौघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर भासाला दिशा कशी असते? आणि ती बरोबर कशी निघते? एकेक शक्यता खोडत गेले, तर कागदावर काही उरलं नाही.

त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे. नऊ, दहा, दहा, नऊ. माझंच अक्षर, माझ्याच रेघा.

सविता आता गटात येते. पहिल्या रविवारी सकाळच्या एसटीने, कधी कधी मैनाबाईंना घेऊन. मागच्या महिन्यात घुग्घुसच्या एका जोडप्याचं मूल गेलं. त्यांना पहिला फोन तिने केला. मी यादी पुढे सरकवली होती, तिने ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दे इकडं नंबर. मले माहीत हाये काय बोलाचं." ती काय बोलली ते सगळं ऐकू आलं नाही, पण बराच वेळ फोन कानाला लावून ती नुसती बसून होती. पलीकडची बाई रडत असावी. मधे मधे सविता फक्त हू म्हणायची, म्हणजे पलीकडे कळावं की ही आहे.

आणि मी? यादी अजूनही करतेच, सवय थोडीच जाते. पण आकडा लिहिणं सोडलं. गटातून निघताना आम्ही हजेरी घेतो, ती नावाने. आधी मोठ्यांची, मग लेकरांची. नाव घेतलं की ज्याचं त्याने हो म्हणायचं. लेकरांच्या नावाला त्यांच्या आईबापांनी. सगळी नावं संपतात, वही मिटते, चपला घालायच्या असतात, एसटी पकडायची असते. तरी कुणीच लगेच उठत नाही. असं करायचं कधी ठरलं नव्हतं. सगळे जिथे असतील तिथे थोडा वेळ थांबतात, पंखा कुणीतरी बंद करतं, आणि आम्ही ऐकतो.